समोरच्याशिवाय सलोखा

होओपोनोपोनो हा हवाई बेटांवरचा शब्द मराठी घरांत आता नवखा राहिलेला नाही. मनःशांतीच्या शिबिरांतून, अनुवादित पुस्तकांतून आणि मुख्यतः मोबाइलवरच्या चित्रफितींतून तो आला आणि रुळला. ज्या माणसाशी बिनसले आहे त्याला मनासमोर आणायचे आणि दिलगिरी, क्षमायाचना, आभार व प्रेम सांगणारी चार छोटी वाक्ये मनातल्या मनात म्हणत राहायचे, असा हा विधी शिकवला जातो. कोणी तो झोपण्यापूर्वी करतात, कोणी जपमाळ हातात घेऊन. समोरच्याला भेटावे लागत नाही, काही कळवावे लागत नाही, त्याची बाजू ऐकून घ्यावी लागत नाही. आणि हाच या पद्धतीचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. पण शब्दाचा उगम, त्याचे रोजच्या वापरातले अर्थ आणि त्यामागची जुनी रीत तपासली की नेमके उलटे चित्र दिसते. बिघडलेले नाते संबंधित सगळ्यांनी एकत्र बसून, खरे बोलून आणि झालेले नुकसान भरून देऊन ताळ्यावर आणणे, हे होओपोनोपोनो. त्यातून समोरचा माणूस वगळला की शब्द उरतो, काम उरत नाही. या वगळण्यात एका छोट्या समाजाच्या भाषेचे नुकसान आहेच, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे नुकसान त्याहून मोठे आहे. म्हणून हा विषय नुसत्या व्युत्पत्तीचा म्हणून सोडून देता येत नाही.

शब्दाची घडण साधी आहे. ‘होओ’ हा प्रयोजक उपसर्ग. ‘करणे’चे ‘करवणे’ करण्यासाठी मराठीत धातूत जो बदल होतो, ते काम हवाईयन भाषेत हा उपसर्ग करतो. तो एकट्या हवाईचा नाही. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत तोच ‘व्हाका’ होतो, सामोआत ‘फाआ’. प्रशांत महासागरात हजारो मैल पसरलेल्या पॉलिनेशियन भाषा एका कुळातल्या असल्याची ही ठळक खूण. ‘पोनो’ म्हणजे योग्य, रास्त, नीट, जसे असायला हवे तसे. माओरीतही ‘पोनो’ आहे आणि तिथे त्याचा अर्थ खरे, प्रामाणिक असा होतो; त्याच घडणीचा ‘व्हाकापोनो’ हा शब्द तिथे श्रद्धेसाठी वापरतात. एकाच मुळापासून माओरीत श्रद्धा निघाली आणि हवाईत दुरुस्ती. हवाईयनमध्ये ‘पोनो’ची द्विरुक्ती झाली आणि त्याला प्रयोजक उपसर्ग लागला, म्हणजे एकूण अर्थ झाला ‘नीट करणे, मार्गी लावणे’. मेरी कावेना पुकुई आणि सॅम्युएल एल्बर्ट यांच्या शब्दकोशात (पहिली आवृत्ती १९५७) या शब्दाखाली कुटुंबाच्या बैठकीचा अर्थ मिळतोच, पण त्याच्या सोबत आवरणे, सुधारणे, व्यवस्था लावणे, कारभार पाहणे, संपादन करणे असे अगदी व्यवहारी अर्थ आहेत. वर्तमानपत्राच्या संपादकाला हवाईयनमध्ये ‘लूना होओपोनोपोनो’ म्हणत. १८३४ साली लाहाइनालुना इथे पहिले हवाईयन वर्तमानपत्र निघाले, त्यानंतरच्या शतकभरात त्या भाषेत सुमारे शंभर नियतकालिके निघाली, आणि त्यांचे संपादक हीच पदवी मिरवत होते. मयताच्या मालमत्तेची व्यवस्था लावणाऱ्यालाही हाच शब्द लागे.

हे व्यवहारी अर्थ मला महत्त्वाचे वाटतात, कारण त्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक ठिकाणी कर्त्याच्या बाहेर काहीतरी आहे आणि ते प्रत्यक्ष बदलायचे आहे. संपादकाच्या मनात कितीही सद्भाव असला तरी मजकुरातली चूक त्याने हाताने खोडल्याशिवाय जात नाही. मालमत्तेचा कारभारी वारसांबद्दल मनात प्रेम बाळगून मोकळा होत नाही. देणी फेडावी लागतात, वाटा ज्याचा त्याला पोचवावा लागतो. कुटुंबातल्या समेटासाठी हवाईच्या लोकांनी वेगळा, पवित्र, गूढ शब्द घडवला नाही. आवरासावर आणि दुरुस्ती यांचाच शब्द तिथे वापरला. नाते बिघडले म्हणजे काहीतरी जागचे हलले आहे आणि ते पुन्हा जागेवर ठेवायचे आहे, ही त्यांची समजूत या निवडीत दिसते.

ती रीत कशी चालत असे, याचे सविस्तर वर्णन पुकुईबाईंमुळे आपल्याला मिळते. त्या १८९५ साली हवाई बेटाच्या काऊ भागात जन्मल्या, आईच्या आईकडे लहानाच्या मोठ्या झाल्या आणि जुन्या चालीरीती त्यांनी घरातच पाहिल्या. घरातले कोणी बरे होईना, किंवा भावंडांत धुसफूस वाढली, की कुटुंबाला, म्हणजे ‘ओहाना’ला, एकत्र बसवले जाई. सूत्रे घरातल्या जाणत्या माणसाकडे किंवा सर्वांचा विश्वास असलेल्या बाहेरच्या कोणाकडे असत. आरंभी प्रार्थना, मग ज्यासाठी जमलो तो प्रश्न स्पष्ट मांडणे. मूळ अपराधाला ‘हाला’ म्हणत. एका अपराधातून दुसरा राग, त्यातून तिसरा गैरसमज असे वाढत जाऊन जो गुंता होतो, त्यात ज्यांचा मूळ भांडणाशी संबंध नाही तेही अडकतात. या गुंत्याला ‘हिहिआ’ असे नाव होते. गुंता एकदम उकलत नाही. एकेक पदर वेगळा काढायचा, त्याबद्दल ज्याला जे वाटते ते सर्वांदेखत बोलायचे, तो मिटला की पुढचा धरायचा. भांडणारी माणसे थेट एकमेकांशी बोलत नसत; दोघेही मध्यस्थाशी बोलत आणि दुसरा ऐकत राही. आवाज चढू लागले की मध्यस्थ सर्वांना गप्प बसवी. या सक्तीच्या शांततेलाही स्वतंत्र नाव होते, ‘होओमालू’. भांडणाच्या मानसशास्त्राचा किती बारकाईने विचार झाला होता, हे एवढ्या एका व्यवस्थेवरून कळते.

यानंतर ‘मिही’. ज्याने चूक केली त्याने ती कबूल करायची, ज्याची केली त्याच्याकडे क्षमा मागायची, आणि काही घेतले असेल, मोडले असेल, बुडवले असेल तर ते कसे भरून देणार हे तिथेच ठरवायचे. मग ‘काला’, म्हणजे सोडणे, गाठ मोकळी करणे. पुकुईबाईंचे इथले विवेचन फार मोलाचे आहे. अपराध ही दोरी आहे असे त्या समजावतात. ती अपराध्याला बांधते, पण ज्याच्यावर अपराध झाला तो तिचे दुसरे टोक धरून बसला तर तोही तितकाच बांधला जातो. टोक असे धरून बसण्याला, डूख धरण्याला, ‘होओमाउहाला’ म्हणत, आणि तोही दोषच मानला जाई. म्हणून सोडणे दोन्हीकडून व्हायला हवे. तसे झाले की तो विषय संपला. पुढे कुठल्याही भांडणात तो उकरून काढायचा नाही. शेवटी सगळे मिळून जेवत. क्षमेच्या विधीत ‘लिमू काला’ हे समुद्रशेवाळही असे. नावातच ‘काला’, म्हणजे मोकळे करणे, असल्याने त्याला हे स्थान मिळाले. यात एकही पायरी अशी नाही की जी एकट्याने, डोळे मिटून पार पाडता येईल. दोरीला टोके दोन आहेत.

मग चार वाक्यांचा जप आला कुठून? १८२० साली न्यू इंग्लंडहून मिशनरी आले, जुन्या देवतांची पूजा मागे पडली, साथींच्या रोगांनी लोकसंख्या पार खचली आणि १८९६च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही रीत काही घरांपुरती उरली होती. १९६०च्या दशकात होनोलुलूत, राणी लिलिउओकलानी यांच्या विश्वस्तनिधीतून चालणाऱ्या मुलांच्या संस्थेत, समाजसेवक आणि पुकुईबाई नियमित बसू लागल्या. हवाईयन कुटुंबांना समुपदेशन करताना पाश्चात्त्य पद्धती अपुऱ्या पडत होत्या. त्या चर्चांतून ‘नाना इ के कुमू’ हा ग्रंथ १९७२ साली निघाला आणि होओपोनोपोनो पुन्हा लोकांसमोर आले. १९७६च्या सुमारास मोरना सिमेओना या हवाईयन वैदूबाईंनी त्याचे वेगळे रूप घडवले. त्यात कर्म आणि पूर्वजन्म या कल्पना आल्या आणि कुटुंबाची बैठक जाऊन व्यक्तीचा स्वतःशी चालणारा विधी आला. त्यांचे शिष्य इहालेआकाला ह्यू लेन यांनी तो आणखी आटवला, आणि जो व्हिटाली या अमेरिकी लेखकासोबत २००७ साली लिहिलेल्या पुस्तकातून चार वाक्ये जगभर गेली. माझ्या अनुभवात जे काही येते त्या सगळ्याला मी शंभर टक्के जबाबदार आहे, हा या नव्या रूपाचा पाया. भारतात तो इतक्या लवकर का रुजला, याचे उत्तर बहुधा इथेच आहे. कर्माची कल्पना आपल्याला परकी नाही, नामजपही नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: शब्दांचे अर्थ बदलतात, विधी बदलतात, आणि हा बदल तर एका हवाईयन स्त्रीनेच केला, तिला चूक ठरवणारे आपण कोण? आक्षेप रास्त आहे. पुकुईबाईंनी वर्णन केलेली रीतही आदिम, अस्पर्श नव्हतीच. त्यांच्या काळापर्यंत प्रार्थना ख्रिस्ती झाली होती, पूर्वजदेवतांच्या जागी बायबलचा देव आला होता. सिमेओनाबाईंचा अधिकारही मी नाकारत नाही. १९८३ साली होनोलुलूच्या होंग्वांजी बौद्ध मिशनने त्यांना हवाईचे ‘जिवंत वैभव’ म्हणून गौरवले होते. पण बदल झाला की नाही, हा प्रश्नच नाही. काय बदलले आणि काय टिकले, हे पाहायला हवे. देव बदलला तेव्हाही बैठक टिकली, कबुली टिकली, भरपाई टिकली. म्हणजे त्या विधीचा प्राण देवतेत नसून माणसांनी एकमेकांसमोर येण्यात होता. तो प्राण गेल्यावर जे उरते ते स्वतंत्रपणे चांगले असू शकेल, पण त्याने जुन्या नावाची पुण्याई वापरू नये. ‘प्राचीन हवाईयन रहस्य’ म्हणून जे खपवले जाते ते प्राचीन नाही, आणि हवाईची अनेक माणसे आजही जी रीत कुटुंबात, समुपदेशनात वापरतात ती रहस्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. लोकांना या जपाने बरे वाटते. झोप लागते, राग निवतो, आयुष्यभर आत साचलेले काही हलते. ज्याच्याशी बोलायचे तो माणूसच हयात नसेल, तर दुसरे करणार तरी काय? हे मी पूर्ण मानतो. गेलेल्या वडिलांबद्दलची खंत मनातच सोडवावी लागते, आणि त्यासाठी चार वाक्ये उपयोगी पडत असतील तर ती जरूर म्हणावीत. मात्र मनाची निववण आणि नात्याची दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजुराची थकलेली मजुरी न देता मालकाने रात्री त्याची मनोमन क्षमा मागितली, तर मालकाला झोप लागेल, मजुराच्या घरी धान्य येणार नाही. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतलेल्या भावाने तिच्याबद्दल कितीही कृतज्ञता मनात घोळवली तरी तिचा वाटा तिच्याकडे परतत नाही. आणि शंभर टक्के जबाबदारीचे तत्त्व उलट बाजूने लावले की ते क्रूर होते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘हे तुझ्या आतल्या स्मृतींचे फळ, तू स्वतःला स्वच्छ कर’ असे सांगणे म्हणजे अपराधाची दोरी अपराध्याच्या अंगावरून काढून तिच्याच गळ्यात अडकवणे. जुन्या रीतीत ‘हाला’ कोणाचा, हे आधी सर्वांसमोर ठरावे लागे. नव्या रूपात हा प्रश्नच विचारला जात नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि तो उलट दिशेने येतो. कुटुंबाची बैठक ही निर्दोष गोष्ट कुठे आहे? तिथे वडीलधाऱ्यांचा शब्द चालतो, धाकट्यांवर आणि बायकांवर ‘मिटवून टाका’ म्हणून दाब येतो, आणि क्षमा न करणे हाही दोष मानला जात असेल तर पीडिताला दुहेरी शिक्षा होते. आपल्याकडच्या बैठका आठवल्या तरी याची खात्री पटते. घराण्याची अब्रू झाकण्यासाठी मुलीची तक्रार दाबण्याचे काम अशाच बैठकांनी केले आहे. महाराष्ट्रात २००७पासून तंटामुक्त गाव मोहीम चालली आणि तिने पुष्कळ वाद गावातच मिटवले, पण मिटलेल्या तंट्यांसाठी गावाला पुरस्कार मिळू लागला की तंटा कसा मिटला यापेक्षा तो मिटला याला महत्त्व येण्याचा धोका असतोच. म्हणून शारीरिक हिंसा असेल तिथे कायदा आधी, बैठक नंतर, आणि तीही पीडिताची इच्छा असेल तरच, असे माझे मत आहे. परंतु जुन्या हवाईयन रीतीत दाबाविरुद्ध काही तरतुदी होत्या. मध्यस्थ त्या भांडणात गुंतलेला नसावा, बसणारे सगळे राजीखुशीने बसलेले असावेत, बोलणे मनापासून खरे असावे, आणि पदर सुटत नसेल तर बैठक थांबवून पुन्हा दुसऱ्या दिवशी बसावे. शिवाय नाते तोडण्यालाही तिथे मान्यता आणि नाव होते: ‘मो का पिको’, नाळ तोडणे. टोकाला गेलेल्या प्रकरणात कुटुंब हा मार्ग घेई. ज्या रीतीत तोडण्याची सोय आहे तिथेच जोडण्याला किंमत येते. जिथे प्रत्येक गोष्टीचा शेवट प्रेमातच व्हायला हवा, तिथे नाही म्हणायला जागा उरत नाही.

मराठी माणसाला हा व्यवहारी सलोखा काही नवा नाही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने शेतजमिनीच्या अदलाबदलीसाठी जी योजना आणली तिचे नावच ‘सलोखा’ आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या नावे आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, असा घोळ कित्येक गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. असा परस्परांचा ताबा किमान बारा वर्षे असेल तर दोघांनी राजीखुशीने यावे, एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी शुल्क भरून दस्त करावा आणि सातबारा ताब्याशी जुळवून घ्यावा, अशी ती तरतूद आहे. इथे कोणाला शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलेले नाही. तलाठ्याकडची नोंद दुरुस्त झाली की बांधावरची कटकट संपण्याची शक्यता निर्माण होते, एवढाच तिचा विश्वास आहे. मयताच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या हवाईयन अधिकाऱ्याला ही योजना लगेच कळली असती.

‘पोनो’ हा शब्द हवाईत घरापुरता कधीच नव्हता. राजाने पोनोने राज्य केले तर जमीन सुखात राहते, ही तिथली जुनी धारणा. १८४३ साली एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने बळकावलेले राज्य पाच महिन्यांनी, ३१ जुलैला परत मिळाले, तेव्हा तिसऱ्या कामेहामेहा राजाने जे उद्गार काढले त्यांचा आशय असा होता की भूमीचे सार्वभौमत्व पोनोमुळे टिकते. तेच आज अमेरिकेच्या हवाई राज्याचे बोधवाक्य आहे. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १७ जानेवारी १८९३ रोजी, अमेरिकी युद्धनौकेवरून उतरलेल्या सैनिकांच्या पाठबळावर राणी लिलिउओकलानी यांचे राज्य उलथवले गेले, आणि १८९८मध्ये बेटे अमेरिकेत सामील झाली. या अन्यायाबद्दल अमेरिकेच्या काँग्रेसने बरोबर शंभर वर्षांनी माफीचा ठराव केला आणि नोव्हेंबर १९९३मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. ठरावात चूक कबूल केली आहे, समेटाची भाषा आहे. पण या ठरावाने कोणत्याही दाव्याचा निकाल लागतो असे समजू नये, असेही त्यातच स्पष्ट म्हटले आहे. पुढे जुन्या राजसत्तेकडून आलेल्या सुमारे बारा लाख एकर जमिनीच्या विक्रीचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा ३१ मार्च २००९ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले की त्या ठरावामुळे जमिनीवरच्या राज्याच्या अधिकारात काही फरक पडत नाही. होओपोनोपोनोच्या भाषेत सांगायचे तर ‘मिही’ झाली, भरपाई झाली नाही, आणि म्हणून ‘काला’ मागण्याचा हक्कही आला नाही. मोबाइलवरचा जप आणि हा ठराव यांत मला एकच उणीव दिसते. एकात अपराध्याने समोरच्याला वगळले आहे, दुसऱ्यात समोरच्याचे देणे वगळले आहे.

भरपाईकडे निदान वळलेला एक प्रसंग त्याच बेटांवर घडला. काहोओलावे हे सुमारे २८,८०० एकरांचे बेट १९४१पासून अमेरिकी नौदल बाँबफेकीच्या सरावासाठी वापरत होते. जानेवारी १९७६मध्ये काही हवाईयन कार्यकर्ते बंदी मोडून तिथे उतरले; सिमेओनाबाई कुटुंबाची बैठक बाजूला ठेवून एकट्याचा विधी घडवत होत्या त्याच सुमाराचे हे साल. या कार्यकर्त्यांच्या संघटनेने स्वतःच्या नावात ‘ओहाना’ हाच शब्द घेतला. त्यांच्यातले जॉर्ज हेल्म आणि किमो मिचेल मार्च १९७७मध्ये समुद्रात बेपत्ता झाले. १९९०मध्ये बाँबफेक थांबली, १९९४मध्ये बेट हवाई राज्याकडे आले, आणि पुढे कधी हवाईयन लोकांचे स्वतःचे शासन उभे राहिले तर ते त्याच्या स्वाधीन करायचे, असे राज्याच्या कायद्यात लिहिले गेले. साफसफाईसाठी काँग्रेसने चाळीस कोटी डॉलर मंजूर केले. दहा वर्षांच्या कामानंतर सुमारे तीन चतुर्थांश भागाचा पृष्ठभाग मोकळा झाला, चार फूट खोलीपर्यंतची सफाई मात्र जेमतेम दहाव्या हिस्स्याची झाली. उरलेल्या जमिनीत न फुटलेले बाँब अजून आहेत, आणि तिथे जाणाऱ्या स्वयंसेवकांना ठरलेल्या वाटा सोडता येत नाहीत. तरीही ते जातात, धूप झालेल्या लाल मातीत स्थानिक झाडे लावतात, आणि राहिलेल्या सफाईचा खर्च ज्याने बाँब टाकले त्यानेच द्यावा ही मागणी सोडत नाहीत.